टपालहशील निराळे

मनोरी मुंबईतच आहे. पण मनोरीहून बाकीच्या मुंबईत यायचे तर होडीत बसावे लागते. मार्व्याच्या धक्क्यावर उभे राहिले की पलीकडचा काठ इतका जवळ दिसतो की हाक मारली तर ऐकू जावी. होडीही पाच-दहा मिनिटांतच पलीकडे नेते. माणसांबरोबर स्कूटरी चढतात, मासळीच्या पाट्या चढतात, लग्नाच्या बॅगा चढतात. ज्याला पाण्याचे वावडे असेल त्याने भाईंदर-उत्तनवरून भला मोठा वळसा घालावा. त्यामुळे मनोरीच्या माणसाला एक गोष्ट लहानपणापासून पक्की ठाऊक असते : वस्तूची किंमत निराळी आणि ती पलीकडे पोचवण्याची किंमत निराळी.

आपल्या जुन्या मराठी प्रकाशकांनी हेच दोन शब्दांत सांगून ठेवले होते. पुस्तकाच्या जाहिरातीत किंमत छापून झाली की खाली बारीक अक्षरात असायचे, ‘टपालहशील निराळे’. पोस्टाने १८७७ साली व्ही. पी.ची सोय केली आणि आडगावच्या वाचकालाही पोस्टमनच्या हातावर पैसे ठेवून पुडके सोडवता येऊ लागले. पैसे बुडतील ही प्रकाशकाची धास्ती गेली आणि पुस्तक येणारच नाही ही वाचकाची. राहता राहिले ते टपालहशील. आजही एखाद्याचे दुकान फोनमध्ये असेल आणि गिऱ्हाईक सातासमुद्रापलीकडे असेल, तर त्याचे सारे दुखणे त्या दोन शब्दांतच असते.

हे दुखणे मला जवळून पाहायला मिळाले ते माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीमुळे. ती मनोरीची. मराठी घेऊन बी. ए. झालेल्या मुली पुढे करतात तरी काय, असे पालक मला नेहमी विचारतात. त्यांना मी अलीकडे तिचे उदाहरण देते. ती आईच्या हातचा मसाला विकते, आणि त्याच्याबरोबर जे दोन ओळींचे मराठी लिहून पाठवते, ते वाचून परदेशातली माणसे आणखी मसाला मागवतात.

तिचे घराणे ईस्ट इंडियन. पश्चिम किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या माणसांना हे नाव कसे, असा प्रश्न नवख्याला पडतोच. मुंबई-साष्टी-वसईच्या गावठाणांतले हे मूळचे मराठी बोलणारे लोक. पोर्तुगीजांच्या अमलात धर्म बदलला, बोली राहिली. पुढे गोव्याहून नोकरीधंद्यासाठी ख्रिस्ती मंडळी येऊ लागली, तेव्हा आपण त्यांच्याहून निराळे, इथलेच, हे सरकारदरबारी सांगण्याची गरज पडली. म्हणून १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षे झाली त्या वर्षी, त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या नावावरून हे नाव धारण केले. कंपनी तोवर बुडालेली होती. नाव मात्र टिकले.

आणि टिकला तो त्यांचा बाटली मसाला. एप्रिल-मेच्या कडक उन्हात मिरच्या, धणे, हळद, तीळ, मोहरी, खसखस, दगडफूल, नागकेशर अशा वीस-पंचवीस जिनसा वाळवायच्या, एकेक निराळी भाजायची, कुटायची आणि गडद रंगाच्या काचेच्या बाटलीत ठासून भरायची. कोणाच्या घरी त्यात गहू आणि हरभऱ्याची डाळही पडते. प्रमाण घराघराचे वेगळे, आणि ते शेजारणीला सांगायची रीत नाही. बाटल्या बहुधा बिअरच्या, धुऊन उन्हात वाळवलेल्या. गडद काचेतून उजेड आत जात नाही, म्हणून मसाल्याचा रंग आणि वास वर्षभर राहतो. टोरांटोत, लंडनमध्ये, न्यू जर्सीत जाऊन राहिलेल्या गावठाणच्या मंडळींना तिथल्या दुकानात सगळे मिळते. हा वास मिळत नाही.

पहिली मागणी टोरांटोहून आली, अर्ध्या किलोची. खासगी कुरिअरवाल्याने जो आकडा सांगितला, तो मसाल्याच्या किमतीच्या कितीतरी पट होता. तिने मला फोन केला. ‘मॅडम, तुम्ही वर्गात जुन्या जाहिराती दाखवायचात ना, टपालहशील निराळे म्हणून? इथे तर टपालहशीलच मुख्य आणि मसाला निराळा झालाय!’

हिशेब मांडल्यावर कळले की यातले निम्मे दुखणे बाटलीचेच होते. रिकामी मोठी बाटली काट्यावर ठेवली तर ती जवळजवळ अर्धा किलो भरते. म्हणजे गिऱ्हाइकाला हवा होता अर्धा किलो मसाला, आणि विमानाने जाणार होती तेवढीच काच. शिवाय काच फुटू नये म्हणून भोवती कापूस, कागद, फुगे आणि मोठे खोके. इथे दुसरा काटा पुढे येतो. खासगी कुरिअरवाले नुसते वजन बघत नाहीत, खोक्याने अडवलेली जागाही बघतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून तिन्हींचा गुणाकार करायचा आणि पाच हजाराने भागायचे. येईल ते किलो. या हिशेबाचे आणि काट्यावरचे वजन यांतले जे जास्त, त्याचे पैसे. खोके तीस, वीस आणि पंधरा सेंटिमीटरचे असेल तर गुणाकार नऊ हजार, भागाकार १.८ किलो. तेच खोके वीस, पंधरा आणि दहाचे घेतले तर ६०० ग्रॅम. मसाला तोच. आपण घरी ‘जरा मोठाच डबा घे, हलायला नको’ असे म्हणतो, तेव्हा त्या हवेचे भाडे भरत असतो.

बाटली सोडायची म्हटल्यावर आई रागावली. ‘बाटलीतून काढला तर तो बाटली मसाला कसला?’ तिचे म्हणणे खोटे नव्हते. आठवडाभर घरात हा वाद चालला. शेवटी आतून चंदेरी अस्तर असलेल्या गडद, जाड पिशव्या आणल्या. हवा काढून मसाला दाबून भरला. वर बाटलीचे चित्र चिकटवले आणि लिहिले : ‘हातात आल्याबरोबर काचेच्या बाटलीत भरावा, अशी आईची आज्ञा आहे.’ टोरांटोच्या बाईंनी बाटलीत भरून फोटो पाठवला. आईने फोटो पाहिला, काही बोलली नाही. पण पुढच्या पिशव्या स्वतः दाबून भरू लागली.

मग पोस्टाचा रस्ता. पोस्टाचे पार्सल कुरिअरपेक्षा सावकाश जाते, पण हलक्या पुडक्याला तो रस्ता बहुधा स्वस्त पडतो. ठरावीक देशांसाठी पोस्टाची ‘इंटरनॅशनल ट्रॅक्ड पॅकेट’ नावाची सेवा आहे. तिचा दर वजनावर असतो आणि पुडके कुठवर पोचले ते फोनवर दिसते. पूर्वी व्यापारी माल टपालाने परदेशी धाडायचा म्हणजे बॅलार्ड इस्टेटच्या परदेश टपाल कार्यालयाशी आणि तिथल्या जकातीच्या कागदांशी गाठ असे. डिसेंबर २०२२ पासून पोस्टाने ‘डाकघर निर्यात केंद्र’ ही सोय सुरू केली. देशभरात अशी हजारावर केंद्रे उघडली. निर्यातीचा अर्ज घरबसल्या भरायचा, जकातीची तपासणी संगणकावरून व्हायची आणि पुडके केंद्रावर नेऊन द्यायचे. मनोरीकरणीला अर्थातच आधी होडीत बसावे लागते. पिशवी मांडीवर घेऊन ती खाडी ओलांडते.

कागद मात्र लागतातच. आयात-निर्यात क्रमांक घ्यावा लागतो. त्याचे शुल्क ५०० रुपये, आणि दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये तो ताजा करावा लागतो. खाण्याची वस्तू म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना, आणि मसाला म्हणून मसाला मंडळाकडे निर्यातदार अशी नोंद. शिवाय मालाला एक क्रमांक द्यावा लागतो. जगातल्या बहुतेक देशांनी १९८८ पासून मालाची एकच क्रमवारी मानली आहे. तिचे पहिले सहा आकडे सगळीकडे सारखे. नुसते ‘मसाला’ असे लिहून भागत नाही, कारण मराठी न येणाऱ्या जकात अधिकाऱ्याला तो शब्द काहीच सांगत नाही. आत काय काय आहे तेही लिहावे लागते. गहू, मोहरी, तीळ यांचे काही लोकांना वावडे असते, आणि पुष्कळ देशांत ते वेष्टनावर छापणे सक्तीचे आहे.

याच ठिकाणी खसखशीने तिला एकदा अडवले. दुबईहून मागणी आली होती. संयुक्त अरब अमिरातीत खसखस अमली पदार्थांत मोडते. ती तिथे नेता येत नाही, पाठवता येत नाही. तिने मागणी नाकारली. हे मी मुद्दाम लिहिते आहे. कारण आपल्या अनारशांवर काय असते आणि पुष्कळांच्या करंजीच्या सारणात काय असते, ते या पानांच्या वाचकांना सांगायला नको. दुबईच्या लेकीसाठी डबा भरणाऱ्या आईने तेवढे अनारसे मागे ठेवावेत. लेक रुसेल, पण विमानतळावर अडकणार नाही.

एवढे सगळे कागद पाहून कोणीतरी शहाणा भेटतोच. तिलाही भेटला. तो म्हणाला, ‘एवढी यातायात कशाला? अर्जावर भेट म्हणून लिही, किंमत पाच डॉलर टाक. सगळे हेच करतात.’

सल्ला मोहात पाडणारा होता, कारण भेट आणि माल यांत कायद्याने खरोखरच फरक केलेला आहे. अमेरिकेत खाण्याची वस्तू पोचण्याआधी तिथल्या अन्न व औषध प्रशासनाला पूर्वसूचना द्यावी लागते. २००२ सालच्या कायद्याने तसे ठरवले आहे. त्यातून एक सूट ठेवलेली आहे : एखाद्या व्यक्तीने आपल्या राहत्या घरी केलेला आणि धंद्यासाठी नव्हे तर भेट म्हणून दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेला खाऊ. नियमांच्या त्या रुक्ष जंगलात आईच्या हातच्या डब्याला कोणीतरी वाट ठेवली आहे, हे वाचून मला बरे वाटले. पण तीच चकली दुकानातून घेऊन पाठवली तर ती त्या वाटेने जात नाही. ती घरी केलेली नाही. आणि आईने केलेला मसाला पैसे घेऊन पाठवला तर तोही जात नाही. तो भेट नाही.

खोटे लिहिण्याचा तोटाही बहुधा गिऱ्हाइकाच्या माथी बसतो. पुडके हरवले तर पाच डॉलर लिहिलेल्या पुडक्याची भरपाई पाच डॉलरच्या वर मागता येत नाही. पुडके उघडले आणि ‘भेटी’त एकसारख्या सहा पिशव्या निघाल्या, तर जकातवाल्यांच्या प्रश्नांना घेणाऱ्याने उत्तरे द्यायची. इकडे बँकेत परदेशातून पैसे आलेले, आणि कागदावर मात्र काही विकलेलेच नाही. हे सगळे मी तिला मास्तरकीच्या सुरात सांगितले. तिच्या आईने एका वाक्यात सांगितले, ‘भेट लिहायची तर पैसे परत कर.’ त्यानंतर घरात तो विषय निघाला नाही.

पण खरी परीक्षा पुढे होती, आणि ती समजायला थोडे मागे जावे लागेल. परदेशी टपाल स्वस्त असते ते आपोआप नाही. त्यामागे एक करार आहे. ९ ऑक्टोबर १८७४ रोजी स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरी २२ देशांनी सही केली आणि पत्रांपुरते सगळे सभासद देश म्हणजे एकच मुलूख मानायचे ठरवले. हिंदुस्थान त्यात १८७६ साली सामील झाला. त्याआधी पत्र जितक्या देशांतून जाई, तितक्यांचा हिशेब निराळा असे. नव्या करारात ज्या देशाने तिकीट विकले त्याने पैसे ठेवावेत आणि दुसऱ्या देशाची पत्रे फुकट वाटावीत असे ठरले. कारण काय, तर प्रत्येक पत्राला उत्तर जातेच, तेव्हा हिशेब फिटतो! सरकारांनी माणसाच्या शिष्टाचारावर इतका विश्वास टाकल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

पत्राला उत्तर जाते, पण मसाल्याच्या पिशवीला उलट टपालाने काय जाणार? देशादेशांतले येणे-जाणे सारखे राहिले नाही, म्हणून १९७१ पासून वाटपाचे पैसे एकमेकांना द्यायची पद्धत आली. त्या दरांवरून भांडणे झाली. २०१८ साली तर अमेरिकेने संघ सोडण्याची नोटीस दिली होती. २०१९ च्या सप्टेंबरात जिनिव्हाला तडजोड झाली, तेव्हा ती राहिली.

मग आले २०२५ साल. ८०० डॉलरपर्यंतच्या मालावर जकात नाही, ही अमेरिकेची सवलत २०१६ पासून चालत होती. असंख्य लहान दुकाने तिच्या आधारावर उभी होती. ती सवलत २९ ऑगस्ट २०२५ पासून सर्व देशांना बंद झाली. जकात कोणी गोळा करायची, कशी भरायची, याचा पत्ता नव्हता; विमान कंपन्या टपालाची पुडकी घेईनात. आपल्या पोस्टाने २५ ऑगस्टपासून अमेरिकेची बहुतेक पार्सले घेणे थांबवले आणि थोड्याच दिवसांत पत्रे आणि १०० डॉलरच्या आतल्या भेटीही थांबवल्या. जगभर हेच झाले. ८८ टपालखात्यांनी सेवा पूर्ण किंवा काही अंशी बंद केल्याचे आणि अमेरिकेकडे जाणारे टपाल आठवड्यात ८१ टक्क्यांनी घटल्याचे जागतिक टपाल संघाने सांगितले.

मोठ्या व्यापाऱ्यांना गोदामे होती, वकील होते, तिथे आधीच पोचवलेला माल होता. मनोरीच्या घरात अकरा पिशव्या होत्या, पत्ते चिकटवलेल्या. तिने प्रत्येकाला मराठीत पत्र लिहिले : पोस्ट बंद आहे, केव्हा उघडेल ते माहीत नाही, पैसे परत हवे असल्यास आजच पाठवते. चौघांनी पैसे परत घेतले. सातजणांनी कळवले की थांबतो. मसाला उन्हाळ्यात केलेला, पावसाळी हवा दमट. पिशव्या कोठीच्या कपाटात ठेवून ती रोज हात लावून बघत होती.

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी अमेरिकेचे टपाल पुन्हा सुरू झाले. दिवाळीला आठवडाही उरला नव्हता. कितीएक घरचे फराळाचे डबे तोवर खोळंबलेले होते. आता जकात इथेच, पार्सल देतानाच भरायची होती, आणि भारतीय मालावर ती त्या वेळी सांगितलेल्या किमतीच्या निम्मी होती. हजार रुपयांच्या मसाल्याला पाचशे रुपये जकात. हे दर पुढेही बदलत गेले. पण त्या दिवशी तिला सातजणांना पुन्हा विचारावे लागले.

त्यावर न्यू जर्सीच्या एका बाईंनी तोडगा काढला. सातांतले चौघे एकमेकांपासून तास-दीड तासाच्या अंतरावर राहणारे. त्या म्हणाल्या, चौघांचे मिळून एकच पार्सल माझ्या नावे कर. आम्ही वाटून घेऊ. जकात कमी होत नव्हती, पण टपालहशील होत होते. पार्सलाचा पहिला टप्पा नेहमी महाग असतो, पुढचे वजन त्यामानाने स्वस्त. चार पार्सलांच्या चार पहिल्या टप्प्यांतले तीन वाचले. अर्जावर खरे लिहिले, खरी किंमत लिहिली, जकात भरली आणि तरी प्रत्येकीला पूर्वीपेक्षा फारसे जड गेले नाही. उरलेल्या तिघांनीही भरले. त्यांतल्या एकाने कुरकुरत.

स्वस्तात पाठवायची युक्ती कोणती, असे मला आता कोणी विचारले, तर मी या घरात पाहिलेलेच सांगेन. काच पाठवू नये, हवा पाठवू नये, घाई विकत घेऊ नये, आणि शक्य असेल तर एकट्याने पाठवू नये. हे काही नवे नाही. ‘तुम्ही चाललाच आहात, तर आमच्या राजूचा एवढा डबा न्याल का?’ असे म्हणून आपण ओळखीपाळखीच्यांच्या बॅगांत चिवडा कोंबत आलो आहोत. फक्त तो हिशेब नीट मांडायला आपण लाजतो.

खोटे लिहून वाचवलेले पैसे मात्र मला या हिशेबात धरवत नाहीत. ते माझ्या सोवळेपणामुळे नव्हे. लहान दुकानाचे भांडवल म्हणजे समुद्रापलीकडच्या, कधी न पाहिलेल्या माणसाने आधी पैसे पाठवणे. व्ही. पी.च्या काळी मधे पोस्टमन उभा होता. आता मधे कोणी नाही, फक्त त्या अर्जावरच्या चार ओळी आहेत. ऑगस्टमध्ये अकरांपैकी सातजण थांबले ते मसाल्याच्या वासासाठी थांबले, हे खरेच. पण पैसे परत देते म्हणणाऱ्या मुलीसाठीही थांबले.

या दिवाळीत तुमच्याही घरून कुठेतरी डबा जाणार असेल. खोके लहान घ्या, चकल्या उभ्या रचा, दुबईच्या डब्यातून खसखस वगळा. अर्जावर ‘घरी केलेला फराळ, भेट’ असे लिहाल, तेव्हा ते अक्षर न् अक्षर खरे असेल. मनोरीची ती मुलगी त्याच रकान्यात ‘विक्रीचा माल’ असे लिहिते आणि त्याचे हशील भरते. तिच्या आईचे म्हणणे, आपण मसाला विकला आहे, त्यात लपवायचे काय?